सत्तरच्या दशकातली टीव्हीवरची फ्री स्टाइल कुस्ती: कुठून सुरू करायचं, कसं बघायचं

केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ बघत आणि शाळेच्या बाकाखाली त्याचे पत्ते खेळत मोठी झालेली बरीच मंडळी आता मागे जाऊन सत्तरच्या दशकातली कुस्ती शोधू लागली आहेत. बहुतेक जण पहिल्याच चित्रफितीवर गळतात. चित्र धूसर, एकाने दुसऱ्याचं डोकं चार मिनिटं काखेत धरून ठेवलेलं, समालोचक बातम्या दिल्यासारखा बोलतोय, आणि जो जिंकणार असं पहिल्या सेकंदाला वाटलं तोच जिंकतो. मग 'जाऊ दे' म्हणून बंद.

दोष तुमचा नाही. हा कार्यक्रम कशासाठी बनवला जायचा हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि ते कळल्याशिवाय त्यात काही दिसत नाही. म्हणून हा लेख.

एक शंका सुरुवातीलाच मिटवू. होय, निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडे असल्या कुस्तीला नुरा म्हणून नाक मुरडतात, आणि खासबागेच्या हौद्याशी तुलना करत बघायला बसलात तर दोन्हीकडची मजा घालवाल. पण यातल्या कित्येकांना खरी कुस्ती येत नव्हती असं समजू नका. जॅक ब्रिस्को १९६५ साली अमेरिकेतल्या विद्यापीठांचा राष्ट्रीय विजेता होता. जपानचा जम्बो त्सुरुता १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन कुस्ती लढून आला होता. अशा माणसाने नुसता हात धरला तरी त्या धरण्यात वजन दिसतं.

## आधी जवळ काय हवं

- लहान पडदा. घरच्या व्हीसीआरवरून उतरवलेल्या प्रती ५५ इंची टीव्हीवर लावल्या की नुसते ठिपके दिसतात. लॅपटॉपवर छोट्या चौकटीत बघा.
- हेडफोन. खरखर असतेच. समालोचन आणि मुलाखती निसटल्या तर अर्धा कार्यक्रम गेला.
- एक वही. तारीख, गाव, कोण कोणावर चिडलाय, एवढंच लिहायचं. चौथ्या आठवड्यात तिची किंमत कळेल.
- निकाल तपासायला केजमॅच हे संकेतस्थळ. नोंदणी न करताही निकाल बघता येतात.
- न्यू जपान वर्ल्डचं सभासदत्व, पण जपानकडे वळलात तरच. पहिल्या महिन्यात पैसे घालू नका.

## १. तो कार्यक्रम म्हणजे जाहिरात होती, हे पक्कं डोक्यात ठेवा

अमेरिकेत त्या काळी देशभर चालणारी एकच कंपनी नव्हती. इलाके वाटलेले होते. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्स, म्हणजे एनडब्ल्यूए, या प्रमोटरांच्या संघटनेत प्रत्येकाने आपापला इलाका सांभाळायचा आणि दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचं नाही, असा रिवाज होता. ईशान्येकडे व्हिन्सेंट मॅकमॅहन (सध्याच्या प्रसिद्ध विन्सचे वडील) यांची डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ (हीच पुढे डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि मग डब्ल्यूडब्ल्यूई झाली), मिनियापोलिसकडे व्हर्न गान्ये यांची एडब्ल्यूए, कॅरोलायनांमध्ये क्रॉकेट कुटुंब, शिवाय फ्लोरिडा, जॉर्जिया, टेक्सास, मेम्फिस, सेंट लुइस.

या सगळ्यांचं उत्पन्न मुख्यतः सभागृहातल्या तिकिटांवर. टीव्हीवरचा तास फुकट दाखवायचा तो लोकांनी सोमवारी किंवा शुक्रवारी खिशातून पैसे काढावेत म्हणून. त्यामुळे मोठी कुस्ती टीव्हीवर देण्यात अर्थच नव्हता. स्टुडिओत नावाजलेला मल्ल एखाद्या अनोळखी माणसाला तीन मिनिटांत चीत करतो, मग समालोचकाच्या माइकसमोर येतो आणि सांगतो की अमुक तारखेला अमुक सभागृहात मी तमक्याचं काय करणार आहे. कार्यक्रमाचा गाभा ती मुलाखत आहे. चित्रफीत पुढे पळवायचीच असेल तर कुस्ती पळवा, मुलाखत नाही.

एका गोष्टीने नवखे फार गोंधळतात. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ दर तीन आठवड्यांनी पेनसिल्वेनियातल्या ॲलनटाउन आणि हॅम्बर्ग या दोन ठिकाणी एकदम तीन भागांचं चित्रीकरण उरकायची. कुस्त्या सगळीकडे त्याच, पण मुलाखती गावागणिक वेगळ्या जोडलेल्या. म्हणून एकाच भागाच्या दोन प्रती सापडल्या आणि दोन्हीत मल्ल वेगवेगळ्या सभागृहांची नावं घेत असला, तर दोन्ही अस्सल असू शकतात.

## २. एकच इलाका निवडा आणि त्यालाच चिकटा

'सत्तरच्या दशकातल्या सर्वोत्तम ५० कुस्त्या' असल्या याद्या सुरुवातीला उघडूच नका. त्यातली प्रत्येक कुस्ती म्हणजे मालिकेचा शेवटचा भाग. आधीचं काही न बघता तो लावलात तर दोन घामेजलेली माणसं दिसतील, बाकी काही नाही.

ब्रिटन – आखाडा पाहिलेल्या माणसाला मी डोळे मिटून इथे पाठवतो. आयटीव्ही वाहिनीवर शनिवारी दुपारी 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' लागायचं आणि चार वाजता त्यात कुस्ती. समालोचक केंट वॉल्टन. हा गृहस्थ १९५५ पासून १९८८ पर्यंत तिथेच. सामने गावोगावच्या टाउन हॉलमध्ये चित्रित व्हायचे, पुढच्या रांगेत हातात पर्स घेतलेल्या आज्या, आणि त्या आज्या खरोखर चिडायच्या.

इथले नियम समजून घ्या, कारण सगळी गंमत नियमांत आहे. टीव्हीवरचा सामना बहुधा पाच-पाच मिनिटांच्या सहा फेऱ्यांचा. दोनदा चीत करा किंवा दोनदा शरण आणा. किंवा प्रतिस्पर्धी दहा आकडे मोजेपर्यंत उठला नाही तर सामना तिथेच संपला. पंच जाहीर ताकीद देतो आणि तिसऱ्या ताकिदीला मल्ल बाद. दोन ताकिदी घेऊन बसलेला लबाड मल्ल पुढची वीस मिनिटं पंचाची पाठ वळण्याची वाट बघतो, आणि त्या वाट बघण्यावर संपूर्ण सामना उभा राहतो. वजनी गट कसोशीने पाळले जात, त्यामुळे हलक्या वजनाचे मल्ल इथे दुय्यम नव्हते.

जॉनी सेंटपासून सुरुवात करा. पकडीतून निसटायचे त्याचे इतके प्रकार आहेत की मातीत घाम गाळलेला माणूसही मागे नेऊन पुन्हा बघेल. मग जिम ब्रेक्स: लहान चणीचा, रडका, पंचाकडे सतत तक्रार करणारा आणि हात पिरगळण्यात पटाईत. मिक मॅकमॅनसच्या कानाला कुणी हात लावला की त्याचा तोल जायचा आणि प्रेक्षकांना तेच हवं असायचं. केंडो नागासाकी हा मुखवटेवाला एक शब्द बोलत नसे. १९७७ च्या डिसेंबरमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या सिव्हिक हॉलमध्ये त्याने समारंभपूर्वक स्वतःचा मुखवटा उतरवला, तोही टीव्हीवर. हा भाग चुकवू नका.

बिग डॅडीपासून मात्र सुरुवात करू नका. नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं म्हणून लोक तिथेच जातात. अवाढव्य देह, पोटाने धडक, पोरंटोरं खूश, तीन मिनिटांत खेळ खलास. त्या लोकप्रियतेपायी चांगल्या मल्लांना त्याच्यासमोर पडावं लागलं, असं माझं मत आहे आणि ते बदलायची शक्यता कमी.

मेम्फिस – कुस्तीपेक्षा नाट्य आवडत असेल तर. १९७७ पासून दर शनिवारी सकाळी डब्ल्यूएमसी वाहिनीच्या स्टुडिओतून दीड तास थेट प्रक्षेपण, आणि सोमवारी रात्री मिड-साउथ कॉलिसियममध्ये त्याचा हिशेब. लान्स रसेल आणि डेव्ह ब्राउन ही समालोचकांची जोडी. यातले ब्राउन त्याच वाहिनीवर हवामानाचा अंदाज सांगायचे. जेरी लॉलर, नव्वदच्या दशकात आपण ज्याला समालोचक म्हणून ओळखलं तोच, इथला राजा. १५ जून १९७९ ला टुपेलो गावात लॉलर आणि बिल डंडी यांची लॅरी लेथम आणि वेन फॅरिस यांच्याशी झालेली मारामारी रिंग सोडून खाण्यापिण्याच्या स्टॉलमध्ये शिरली. मोहरीच्या बरण्या फुटताहेत, टेबलं उडताहेत आणि रसेल शक्य तितक्या सभ्यपणे काय दिसतंय ते सांगतोय. पुढे कित्येक कंपन्यांनी अशा मारामाऱ्यांचा रतीब घातला, त्याचा उगम शोधत गेलात तर इथे पोचाल.

जॉर्जिया आणि फ्लोरिडा – गॉर्डन सोली या समालोचकासाठी. खर्जातला आवाज, ओरडणं नाही, प्रत्येक पकडीचं नाव अचूक. अटलांटाची टेड टर्नर यांची वाहिनी १७ डिसेंबर १९७६ ला उपग्रहावर गेली आणि जॉर्जियाची कुस्ती देशभरच्या केबलवर दिसू लागली. इलाके वाटून खाण्याच्या पद्धतीला पहिली भेग तिथे पडली. फ्लोरिडातला डस्टी ऱ्होड्स स्वतःला प्लंबरचा मुलगा म्हणवायचा. पोट सुटलेलं, जीभ तोतरी वाटावी अशी, आणि माइक समोर आला की ऐकणाऱ्याने पाकीट काढलंच.

ईशान्य अमेरिका – ब्रुनो सामार्टिनो. इटालियन स्थलांतरितांचा देव. गोष्टी साध्या, ठरीव, थोड्या संथ. मला फार दिवस पुरल्या नाहीत. पण न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला गर्दीचा आवाज एकदा ऐकावाच.

## ३. कुठे मिळतं, आणि इतकं कमी का मिळतं

दोन इंची व्हिडिओटेप महाग असायची. कार्यक्रम दाखवून झाला की स्थानिक वाहिन्या तीच टेप पुसून पुन्हा वापरत. घरगुती बीटामॅक्स आलं १९७५ ला आणि व्हीएचएस त्याच्या पुढच्या वर्षी, तेही आधी जपानात. म्हणून १९७० ते ७५ मधलं अमेरिकन चित्रण तुटपुंजं आहे आणि १९७८ नंतर एकदम वाढतं. १९७२ सालातल्या एखाद्या इलाक्याची सलग मालिका शोधत रात्री घालवू नका.

अधिकृत वाटा अशा. डब्ल्यूडब्ल्यूईने २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली तेव्हा क्रॉकेट आणि जॉर्जियाकडच्या टेपही तिच्याकडे आल्या. एडब्ल्यूएचा संग्रहही आता तिचाच. भारतात २०२५ पासून या कंपनीचे कार्यक्रम नेटफ्लिक्सवर असतात, पण जुन्यापैकी तिथे काय आहे ते बदलत राहतं. त्यापेक्षा यूट्यूबवरची तिची 'डब्ल्यूडब्ल्यूई व्हॉल्ट' वाहिनी चाळा, फुकट आहे. ब्रिटिश कुस्ती नंतर उपग्रह वाहिन्यांवर पुन्हा दाखवली गेली आणि चाहत्यांनी ती टिपून ठेवली. मेम्फिसचंही असंच, बहुतांश चाहत्यांच्या कृपेने. यातलं काही आज असतं, उद्या हक्कांच्या तक्रारीने गायब होतं.

## ४. तारखेवर विश्वास ठेवू नका. पट्टा कोणाकडे आहे ते बघा

चित्रफितीला लोक मनाला येईल ते साल चिकटवतात. १९८२ ची कुस्ती '१९७५' म्हणून फिरते. पण समालोचक जगज्जेत्याचं नाव घेतोच, आणि त्यावरून साल ओळखता येतं. हे वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या.

एनडब्ल्यूए:
- डोरी फंक ज्युनियर: फेब्रुवारी १९६९ ते २४ मे १९७३
- हार्ली रेस: २० जुलै १९७३ पर्यंत, जेमतेम दोन महिने
- जॅक ब्रिस्को: १० डिसेंबर १९७५ पर्यंत (मध्ये डिसेंबर १९७४ मध्ये आठवडाभर जपानचा जायंट बाबा)
- टेरी फंक: ६ फेब्रुवारी १९७७ पर्यंत
- त्यानंतर पुन्हा रेस. १९७९ मध्ये डस्टी ऱ्होड्स आणि बाबा यांनी पट्टा काही दिवसांपुरता नेला

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ:
- पेद्रो मोरालेस: फेब्रुवारी १९७१ ते १ डिसेंबर १९७३
- स्टॅन स्टॅशियाक: नऊ दिवस
- सामार्टिनो (दुसरी खेप): ३० एप्रिल १९७७ पर्यंत
- सुपरस्टार बिली ग्रॅहम: २० फेब्रुवारी १९७८ पर्यंत
- पुढे बॉब बॅकलंड

नावात तीन 'डब्ल्यू' ऐकू आले तर १९७९ च्या आधीचं किंवा फार तर त्या वर्षाच्या सुरुवातीचं. त्या वर्षी एक 'डब्ल्यू' गळला. आणखी एक ध्यानात ठेवा: चित्रीकरणाची तारीख आणि प्रक्षेपणाची तारीख यांत काही आठवड्यांचं अंतर असू शकतं. केजमॅचवर तारीख थोडी पुढेमागे दिसली तर लगेच चित्रफीत खोटी ठरवू नका.

## ५. कुस्ती बघताना नजर कुठे ठेवायची

काखेत डोकं धरून ठेवलंय तेव्हा खालच्या माणसाकडे बघा. तो उठायचा प्रयत्न करतो, अर्धा उठतो, पुन्हा खाली खेचला जातो. तिसऱ्यांदा तो उठू लागला की गर्दी पाय आपटू लागते. चाल संथ ठेवण्याचं कारण हेच. खडाखडीतच सगळं घडत असतं.

फिरता जगज्जेता हा या काळातला सर्वांत अवघड धंदा. एनडब्ल्यूएचा विजेता आज टॅम्पात, परवा सेंट लुइसमध्ये. प्रत्येक ठिकाणी त्याने स्थानिक नायकाला 'आज पट्टा जाणार' असं वाटेपर्यंत वर चढवायचं आणि कसाबसा पट्टा वाचवून गाव सोडायचं. तासभराच्या बरोबरीत सुटलेल्या कुस्त्या म्हणून इतक्या दिसतात. ब्रिस्को किंवा रेसची अशी एखादी कुस्ती अख्खी बघा, पण रविवार मोकळा ठेवून.

रक्ताबद्दल. कपाळावरचं रक्त बहुतेक वेळा खरं असतं. लपवलेल्या पात्याच्या तुकड्याने मल्ल स्वतःच चीर पाडून घ्यायचे. घरात लहान मुलं असतील तर आधी एकट्याने बघून घ्या.

आणि वंशाची, देशाची सोंगं जागोजागी आहेत. 'रशियन अस्वल' इव्हान कोलॉफ प्रत्यक्षात कॅनडाचा. अरब म्हणून मिरवणारा 'द शेख' मिशिगनचा, लेबनीज घरातला. काही ठिकाणी बघताना लाज वाटते. ते दडपायची गरज नाही. त्या वर्षी अमेरिकेला भीती कोणाची वाटत होती हे खलनायकाच्या पोशाखावरून कळतं.

## ६. जपान, आणि आपल्याकडचा धागा

१९७२ मध्ये जपानात दोन कंपन्या निघाल्या: अंतोनियो इनोकींची न्यू जपान आणि जायंट बाबांची ऑल जपान. दोघांनाही टीव्हीचा भक्कम आधार होता. जाहिरातवजा स्टुडिओ कार्यक्रमाऐवजी तिथे मोठे सामनेच दाखवले जायचे, त्यामुळे एकेक कुस्ती सुटी बघायची असेल तर जपान सोयीचं. समालोचन कळलं नाही तरी अडत नाही.

तीन गोष्टी शोधा. ११ डिसेंबर १९७५ ची इनोकी विरुद्ध बिली रॉबिन्सन, पकडींच्या कुस्तीचा कळस. १५ डिसेंबर १९७७ ची फंक बंधू विरुद्ध ॲब्दुल्ला द बुचर आणि शेख; यात ॲब्दुल्ला टेरी फंकच्या दंडात काटा खुपसतो (जेवणाचा काटा, हो). आणि २६ जून १९७६ ची टोकियोतली इनोकी विरुद्ध मुहम्मद अली, जिच्यात इनोकी पंधरा फेऱ्या बहुतेक वेळ पाठीवर झोपून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिले आणि निकाल बरोबरीचा लागला. शेवटची कंटाळवाणी आहे, आधीच सांगतो. पण ती ठरवून केलेली नव्हती असं बहुतेक अभ्यासक मानतात, म्हणून बघायची. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इनोकी कराचीत अक्रम पहिलवानाशी लढले आणि तिथेही खेळ हाताबाहेर गेला; अक्रमचा हात जायबंदी झाला.

इनोकींचा सत्तरच्या दशकातला सर्वांत गाजलेला वैरी टायगर जीत सिंग, मूळचा पंजाबी, कॅनडात स्थायिक. फेटा बांधून, तलवार दातात धरून येणारा. १९७३ मध्ये त्याने टोकियोत भर रस्त्यात, खरेदीला निघालेल्या इनोकींवर हल्ला केला आणि पेपरांत बातम्या आल्या.

मुंबईत तोवर दारासिंगचं पर्व झालेलं होतं. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवरच्या फ्री स्टाइल कुस्त्यांना लोटलेली गर्दी आठवणारी माणसं अजून आहेत. माजी जगज्जेता लू थेझ याला दारासिंगने २९ मे १९६८ ला मुंबईतच हरवलं. टीव्हीवर ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता, मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. घरात कुणी आजोबा, मामा त्या कुस्त्यांना गेलेले असतील तर त्यांच्याकडून ऐकून घ्या: तिकीट किती होतं, कुठे बसले, किंगकाँग नावाचा मल्ल आला तेव्हा लोक काय ओरडले. आणि 'ते खोटं होतं ना?' हा प्रश्न त्यांना अजिबात विचारू नका, गोष्ट तिथेच थांबते.

## ७. पहिला महिना असा काढा

पहिल्या आठवड्यात जॉनी सेंट आणि जिम ब्रेक्स यांच्या दोन-तीन कुस्त्या, नियम अंगवळणी पडेपर्यंत. मग १९७९ मधले मेम्फिसचे सलग तीन शनिवार मिळतील तिथून काढा आणि ओळीने बघा. मधला एखादा हरवलेला असणारच. निकाल केजमॅचवर वाचा आणि पुढे चला. शेवटच्या आठवड्यात एक लांब जगज्जेतेपदाची कुस्ती. जपान दुसऱ्या महिन्यात.

या टप्प्यावर सापळा लागतो तो 'संपूर्ण सत्तरचं दशक, पाचशे तास' विकणाऱ्यांचा. पेनड्राइव्ह किंवा डीव्हीडीचा संच, किंमत भरमसाट, आणि आत बहुतेक यूट्यूबवरूनच उतरवलेलं. घ्यायचंच असेल तर आधी भागवार यादी मागा, तारीख आणि गावासकट. खरा संग्राहक अशी यादी अभिमानाने पाठवतो आणि कुठल्या भागात आवाज नाही, कुठला मध्येच तुटलाय तेही आपणहून लिहितो. यादी द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला पैसे पाठवू नका.